इंग्रजीचा क्लास नको, विचार बोलून दाखव

ताई,
मी मूळची गडहिंग्लजची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सांगलीला इंजिनिअरिंग. हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या) जावा डेव्हलपर म्हणून लागून ४ वर्षं १० महिने झाले. एका परदेशी बँकेचं काम बघते. प्रॉडक्ट कंपनीत, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, जायचं म्हणून वर्षभर रोज रात्री एकटी बसून कोडिंगचे प्रश्न सोडवतेय. दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. एकीकडे दुसऱ्या फेरीत बाहेर पडले, दुसरीकडे अगदी शेवटच्या. दोन्हीकडून निरोप एकच: कम्युनिकेशन कमी पडलं. प्रश्न मला येत होते. मधे बोललं की माझा गोंधळ होतो, म्हणून उत्तर सापडेपर्यंत मी गप्प असते. शिवाय सांगण्यासारखं ठळक काम माझ्याकडे नाही, सपोर्टच जास्त. मागच्या वर्षी काही खात्यांत एकच रक्कम दोनदा जमा होत होती, ते शोधून काढलं, तेवढंच. आता महिनाभराने एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या चार फेऱ्या एकाच दिवशी ऑनलाइन आहेत. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? चुलतभाऊ म्हणतो, हल्ली सगळे बाजूला एआय लावून बसतात, तूही बस. बाबा म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, तिकडे रोज माणसं काढतायत. काय करू?
वाकडहून एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

क्लास लावू नकोस. इंग्रजी सुधारायला माझी ना नाही, पण महिन्यावर आलेल्या या मुलाखतीसाठी तो वेळ फुकट जाईल. उत्तर सापडेपर्यंत गप्प असते, हे वाक्य तू सहज लिहून गेलीस. माझ्या मते दोन्ही ठिकाणी तुझं गाडं तिथेच अडलं.

मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसून अशा मुलाखती घेतल्या आहेत, म्हणून तिकडे काय चालतं ते आधी सांगते. पाऊणएक तासाच्या फेरीत समोरचा माणूस तुझ्याशी बोलता बोलता सारखा टाइप करत असतो. फेरी संपली की त्याला लेखी अहवाल द्यायचा असतो. उमेदवाराने आधी काय विचारलं, कोणता मार्ग धरला, तो का सोडला, चूक दाखवल्यावर काय केलं, हे सगळं त्यात यावं लागतं. गूगलमध्ये निवड ठरवणाऱ्या समितीने तर उमेदवाराला पाहिलेलंही नसतं, तिच्यापुढे मुख्यतः हे अहवालच असतात. ॲमेझॉनमध्ये मुलाखत घेणारे सगळे नंतर एकत्र बसतात आणि त्यांच्यात मुद्दाम दुसऱ्या टीमचा एक जण असतो. त्याला 'बार रेझर' म्हणतात. तो अडून बसला तर हायरिंग मॅनेजरलाही ती निवड रेटता येत नाही. आता तू पंधरा मिनिटं शांत बसलीस आणि मग अगदी बरोबर कोड लिहिलास, तर त्या पंधरा मिनिटांबद्दल हा माणूस काय लिहिणार? दहावीच्या गणितात नुसतं उत्तर लिहिलं की मार्क कापतात, कारण मार्क पायऱ्यांना असतात. इथेही पायऱ्याच मोजल्या जातात आणि तुझ्या पायऱ्या कुणाला दिसल्याच नाहीत.

इंग्रजीची भीती मनातून काढावी असं मला फार वाटतं. अडखळत, काळ-वचन चुकवत बोलणाऱ्या कितीतरी जणांसाठी मी ठाम होकार लिहिलेला आहे. या कंपन्यांत चिनी, रशियन, ब्राझिलियन, तेलुगू इंजिनिअर दिवसभर आपापल्या वळणाचं इंग्रजी बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही. उलट कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, फाडफाड बोलणारी मुलंही उत्तर शोधताना गप्प बसली की त्यांचेही अहवाल रिकामेच जातात.

आणि ही काही तुझी एकटीची खोड नाही. २०२० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी मुलाखत घेणाऱ्याच्या नजरेसमोर, मोठ्याने बोलत फळ्यावर प्रश्न सोडवला. बाकीच्यांनी तोच प्रश्न खोलीत एकट्याने सोडवला. नजरेखाली असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. मुलींचं तर असं झालं, की समोर कुणी बसलेलं असताना एकीलाही प्रश्न सुटला नाही आणि एकटीने सोडवणाऱ्या सगळ्याजणींना सुटला. गट लहान होता, त्यावरून सर्व मुलींबद्दल नियम काढू नये. पण एक गोष्ट उघड आहे. अशा फेरीत बुद्धीइतकाच धीरही तपासला जातो. ही पद्धत न्याय्य आहे असं माझं म्हणणं नाही. पण येत्या महिन्यात ती बदलणार नाही, तयारी तुलाच बदलावी लागेल. वर्षभर रात्री एकटीने बसून तू बुद्धी घासलीस, माणसासमोर बसायचा सराव मात्र शून्य.

एक उदाहरण घेऊ. समज प्रश्न आला: सर्व्हरची भलीमोठी लॉग फाइल (कोण कधी आलं याची नोंद) आहे, तिच्यात सर्वांत जास्त वेळा आलेले १० आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, शोध. हा तुला येतो. तू मनातल्या मनात हॅशमॅप, हीप जुळवशील आणि थेट टायपिंगला लागशील. तसं करू नकोस. पहिली दोन मिनिटं विचारण्यात घालव. फाइल मेमरीत मावते का? दहाव्या जागेसाठी दोघांची बरोबरी झाली तर कोणता घ्यायचा? उत्तर एकदाच हवंय की दर मिनिटाला ताजं? मग सर्वांत सोपा मार्ग मोठ्याने सांग: प्रत्येक ॲड्रेस किती वेळा आला ते हॅशमॅपमध्ये (ॲड्रेस आणि त्याचा आकडा अशा जोड्यांच्या यादीत) मोजते, सॉर्ट करते आणि वरचे दहा घेते. लगेच त्यातली खोटही तूच काढ: वेगवेगळे ॲड्रेस लाखोंनी असतील तर दहांसाठी सगळे सॉर्ट करणं महाग पडेल, म्हणून दहाच जागांचा मिन-हीप (सर्वांत लहान आकडा कायम वर ठेवणारी रचना) ठेवते आणि नवा आकडा त्यातल्या सर्वांत लहान आकड्यापेक्षा मोठा असेल तरच आत घेते. एवढं झालं की समोरचा बहुतेक म्हणेल, आता धर की फाइल मेमरीत मावत नाही. तू तो प्रश्न आधीच विचारलेला असल्यामुळे दचकणार नाहीस. ॲड्रेसच्या हॅशवरून, म्हणजे त्याच्यापासून ठरावीक सूत्राने काढलेल्या आकड्यावरून, फाइलचे तुकडे करायचे, म्हणजे एक ॲड्रेस एकाच तुकड्यात पडतो. प्रत्येक तुकड्यातले पहिले दहा काढायचे आणि शेवटी त्या सगळ्यांतून दहा निवडायचे.

एवढ्यासाठी इंग्रजी किती लागलं ते बघ. 'कॅन आय अझ्यूम', 'द सिंपल वे इज', 'द प्रॉब्लेम विथ धिस इज', 'गिव्ह मी अ मिनिट टू थिंक'. शेवटचं वाक्य विशेष जपून ठेव. मिनिट-दोन मिनिटं शांत राहायला कुणाची हरकत नसते, सांगून शांत बसलीस की झालं. आणि इशारा मिळाला तर तो घे. समोरच्याने 'आर यू शुअर?' म्हटलं की पुष्कळ मुली कोसळतात. बहुतेक वेळा तो तुला खड्ड्यातून बाहेर काढत असतो. 'मला ही केस पुन्हा तपासू दे' म्हण आणि लहानसं उदाहरण घेऊन कोड ओळीओळीने चालवून दाखव.

आता सराव. नवे प्रश्न सोडवणं आजपासून बंद. सुटलेलेच प्रश्न घे आणि रूममेटला समोर बसव. ती इंजिनिअर नसली तरी चालेल. पहिला आठवडा मराठीत बोल, ऑफिसात आपण बोलतो तसं मराठी-इंग्रजी मिसळून. बोलता बोलता विचार करायची सवय आधी लागू दे, भाषा मागाहून बदलता येते. दुसऱ्या आठवड्यापासून इंग्रजीत बोल आणि फोनवर रेकॉर्ड कर. ते ऐकताना व्याकरणाकडे लक्ष देऊ नकोस, फक्त एवढंच बघ, की न सांगता सर्वांत जास्त वेळ गप्प कुठे होतीस. कोड साध्या डॉक्युमेंटमध्ये लिही, जिथे ऑटोकम्प्लीट नाही. रिक्रूटरला आजच मेल टाकून विचार, की कोणत्या फेरीत काय असेल, सिस्टीम डिझाइन (अख्खी सिस्टीम कशी बांधशील याची फेरी) आहे का, कोड कशावर लिहायचा. हे विचारण्यात कमीपणा नाही, बहुतेक कंपन्यांचे रिक्रूटर आनंदाने सांगतात.

मग ते 'तेवढंच' लिहिलेलं काम. अगं, एकच रक्कम दोनदा जमा होणं हा बँकिंग सिस्टीममधला अव्वल दर्जाचा प्रश्न आहे! टाइमआउट झाल्यावर, म्हणजे वेळेत उत्तर न आल्यावर, तीच रिक्वेस्ट पुन्हा गेली आणि पलीकडे ती आधी येऊन गेलीय का हे कुणी तपासलंच नाही, असं काहीसं झालं असेल. सिस्टीम डिझाइनच्या फेरीत याच विषयावर तासभर बोलतात. कागद घे आणि सगळं लिहून काढ. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, किती खाती होती, आधी तुला कशाचा संशय आला आणि तो का खोटा ठरला, लॉगमध्ये नेमकं काय दिसलं, क्लायंटला कुणी कळवलं, पुन्हा होऊ नये म्हणून कोडमध्ये काय बदललंस. ॲमेझॉनची लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कामाची तत्त्वं, आहेत १६ आणि मुलाखत घेणाऱ्यांमध्ये ती वाटून दिलेली असतात. प्रत्येक जण अशाच एखाद्या प्रसंगाच्या खोलात शिरतो, आणखी खोलात शिरतो, थांबत नाही. दुसऱ्या कंपन्यांतही वेगळ्या नावाने हेच चालतं. चारचौघांत स्वतःचं कौतुक करू नये, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं, म्हणून आपण सगळं टीमच्या नावावर सांगून मोकळे होतो. टीमचं श्रेय टीमला दे, पण जे तू शोधलंस ते तू शोधलंस असंच सांग. बँकेचं नाव आणि आतले तपशील मात्र सांगायचे नाहीत. तोंड बंद ठेवण्याची तुझी जबाबदारीही तिथे बघितली जाते.

चुलतभावाचा सल्ला धुडकाव. त्यात फसवणूक आहे, हे एक कारण मला पुरेसं वाटतं. व्यवहाराचं बोलायचं तर पकडलं जाणंही अवघड नाही. नजर सारखी एका कोपऱ्यात जाते, प्रश्नानंतर दर वेळी तेवढाच विराम येतो आणि मग वाचल्यासारखं गुळगुळीत उत्तर येतं. 'सॉर्ट न करता हीप का?' एवढं विचारलं की सगळं ढासळतं. हे प्रकार इतके वाढले, की २०२५ मध्ये गूगलच्या सुंदर पिचाई यांनी निदान एक फेरी प्रत्यक्ष समोरासमोर घेणार असल्याचं सांगितलं. काही कंपन्या आता एआय उघडपणे वापरायला देऊन, तू त्याच्याकडून काम कसं करून घेतेस हे बघू लागल्या आहेत. तशी फेरी असेल तर रिक्रूटर आधी सांगेल, तेव्हा बिनदिक्कत वापर. अनुभवाची वर्षं वाढवून देणाऱ्या कन्सल्टन्सीच्याही वाटेला जाऊ नकोस. यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवरून, कुठे किती काळ नोकरी केलीस तो सगळा इतिहास निघतो.

आत गेल्यावर काय असतं, हे तू विचारलं नाहीस, पण सोडावं की राहावं याचं उत्तर त्यातच आहे. सध्या तुझ्याकडे काम येतं ते बहुधा तिकिटातून, म्हणजे नोंदवून दिलेल्या एकेका कामातून. क्लायंटने ठरवलेलं, लीडने वाटलेलं. प्रॉडक्ट कंपनीत चार-पाच वर्षांच्या अनुभवावर तुला अर्धवट प्रश्न देतात: पेमेंट फेल होण्याचं प्रमाण वाढलंय, बघ. काय करायचं हे तूच ठरवायचं, त्याचा डिझाइन डॉक लिहायचा आणि मग सहा जण त्याच्या समासात प्रश्नांचा पाऊस पाडतात. ॲमेझॉनमध्ये अशी टिपणं मीटिंगच्या सुरुवातीला सगळे जण शांतपणे वाचतात, मग चर्चा होते. पहिल्या कोड रिव्ह्यूत, म्हणजे बाकीचे तुझा कोड तपासतात तेव्हा, तुला वीस-तीस शेरे येतील. व्हेरिएबलच्या नावापासून ते 'हा क्लास हवाच कशाला' इथपर्यंत. नव्या माणसाला ते अपमानासारखं वाटतं. तो अपमान नसतो. 'यासाठी असं केलं' किंवा 'बरोबर आहे, बदलते' एवढं लिहून पुढे जायचं. अशा टीममध्ये तीन दिवस एकटीने झगडून चौथ्या दिवशी उत्तर आणणाऱ्या मुलीबद्दल मॅनेजरला काळजी वाटते. पहिल्याच दुपारी 'मी इथे अडकलेय, हे दोन मार्ग दिसतायत' असं टीमच्या चॅटवर टाकणारी त्याला हवी असते. मुलाखतीत तुला जो सराव करायला सांगतेय तोच रोजचा धंदा आहे.

ऑन-कॉलही असतो. काही आठवड्यांनी एकदा तुझी पाळी येते, त्या आठवड्यात लॅपटॉप उशाशी ठेवून झोपायचं. पहाटे तीनला फोन वाजला की सर्व्हिस उभी करायची, दुसऱ्या दिवशी काय घडलं ते लिहून काढायचं. चांगल्या टीममध्ये त्या टिपणात कुणाच्या नावाने खडे फोडत नाहीत, सिस्टीममध्ये कुठे भोक राहिलं ते शोधतात. वाईट टीममध्ये तेच टिपण पुढे रिव्ह्यूत तुझ्याविरुद्ध निघतं. सिएटल किंवा कॅलिफोर्नियातल्या लोकांबरोबर मीटिंग म्हणजे तुझं रात्रीचं जेवण नऊ-दहाच्या पुढे. वर्षाकाठी रेटिंग असतं आणि ते घसरलं तर पीआयपी, म्हणजे ठरावीक मुदतीत सुधार नाहीतर बाहेर. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर एक टीम सुखात असते आणि शेजारची पिचलेली असते. म्हणून कंपनीच्या नावावर भाळू नकोस.

'तुला काही विचारायचंय का?' असं ते प्रत्येक फेरीच्या शेवटी म्हणतात आणि आपण 'नो, थँक यू' म्हणून हात जोडतो. ती पाच मिनिटं तुझी आहेत. विचार: मागच्या महिन्यात ऑन-कॉलला रात्री किती वेळा उठावं लागलं? नव्या माणसाचा पहिला बदल प्रोडक्शनला, म्हणजे खऱ्या ग्राहकांपर्यंत, जायला साधारण किती दिवस लागतात? काय बांधायचं हे इथे भारतात ठरतं की तिकडे? टीममधलं शेवटचं माणूस का सोडून गेलं? उत्तर देण्याआधी समोरच्याने आवंढा गिळला तर समजून जा.

बाबांची भीती खोटी नाही. मेटाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ११ हजारांवर माणसं काढली, गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२ हजार, मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात १० हजार. पण हातचं म्हणतात तेही आता तेवढं हातचं राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यातल्या किती घरांत झोप उडाली ते तुला माहीत असेल. बाबांना हे दोन्हीकडचे आकडे सांग. माझं मत विचारशील तर, टीमची उत्तरं बरी आली तर जा. तिकडे तीन वर्षांत तू ज्या प्रकारचे प्रश्न हाताळशील, ते सध्याच्या प्रोजेक्टवर बसून समोर येणार नाहीत आणि उद्या कुठेही काढलं तरी ते शिकलेलं कामाला येईल. बाबांनाही शांत वाटेल अशी एक अट स्वतःला घाल: सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला पडेपर्यंत फ्लॅट बुक करायचा नाही.

ऑफर आली तर सीटीसीच्या, म्हणजे कंपनीच्या तुझ्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चाच्या, मोठ्या आकड्याकडे आधी बघू नकोस. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर ठरणारा व्हेरिएबल भाग, जॉइनिंग बोनस आणि शेअर सगळं मिसळलेलं असतं. दरमहा खात्यात काय पडेल ते लेखी मागून घे. वर्षाच्या आत सोडलं तर जॉइनिंग बोनस बहुधा परत द्यावा लागतो. शेअर सहसा चार वर्षांत मिळतात. ॲमेझॉनमध्ये तर बरीच वर्षं पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि उरलेले पुढच्या दोन वर्षांत, असा हिशेब चालत आला आहे. शेअर हातात पडतात त्या दिवशी त्यांच्यावर पगारासारखा कर लागतो आणि अमेरिकन कंपनीचे असतील तर रिटर्न भरताना परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात. ईएमआयचं गणित शेअरवर कधीच मांडू नकोस.

नोटीस पीरियडचं म्हणशील तर, तुमच्याकडेही ९० दिवसांचाच असणार. ऑफर लेटर हातात येऊन, जॉइनिंगची तारीख लेखी मिळेपर्यंत पेपर टाकायचा, म्हणजे राजीनामा द्यायचा, नाही, रिक्रूटर फोनवर कितीही गोड बोलला तरी. ९० दिवस आहेत हे त्याला पहिल्याच फोनवर सांग, लपवू नकोस. नोटीस विकत घेऊन, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, लवकर ये असा आग्रह झाला तर तुझी ५ वर्षं पुरी होण्याची तारीख आधी बघ. ती उलटली की ग्रॅच्युइटीसाठी धरल्या जाणाऱ्या शेवटच्या मासिक पगाराच्या २६ भागांपैकी १५ भाग, गुणिले ५, एवढी ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची आहे. एका आठवड्याच्या घाईत ती सोडून देऊ नकोस.